शब्दाविना रडणं

मिरच्यांचे देठ खुडत बसलो होतो आम्ही दोघं. सकाळची वेळ. सडा टाकून झाला होता, म्हैस धुऊन झाली होती. मधेच हात थांबवून माझे मालक म्हणाले, "अगं, पलीकडून रडल्याचा आवाज येईना."

त्या सकाळीबद्दल सांगायला मी उभी राहिले आहे. अप्पा, अण्णा, अक्का, सगळ्यांना हात जोडून शरणु. माझे मालक गेले म्हणून तुम्ही कामं सोडून आलात. सभेत बोलायची मला सवय नाही. मिरचीच्या पुड्या बांधायच्या छापील कागदांवरून मी वाचायला शिकले, पण असं बोलायला कुणी शिकवलं नाही.

माझे मालक, म्हणजे तुमचे शिवप्पाअण्णा, बाजारात मिरची विकत, आणि जत्रेत नाटकाचा पडदा पडला की पुढं उभं राहून बिनअर्थाचं बोलत. त्यात मराठी नाही, कानडी नाही, उर्दू नाही, तेलुगू नाही. "लोई लोई गिडबुड पांगडं, लोई रे ढबूलं." एवढंच. हेच चढ्या आवाजात म्हटलं की सासूसुनेचं भांडण व्हायचं. हेच खाली आणून म्हटलं की मांडीवरचं पोर झोपायचं. कानडी माणूस म्हणायचा, ही माझीच सासू. औरादकडचा तेलुगू व्यापारी म्हणायचा, "न्हाई, ती आमच्या घरची." पाटलांनी एकदा टोमणा मारला, "शिवप्पा, याला अर्थ काय रे?"

हे म्हणाले, "अर्थ तुमच्या घरी हाय, पाटील. मी निस्ता आवाज आणलाय."

पाटील मागं बसलेत. तेव्हाही हसले होते.

मी एकदा ते सगळं कागदावर उतरवून काढलं आणि वाचून बघितलं. काहीच नव्हतं त्यात.

तर ती सकाळ. निजामी गेली त्या वर्षीची. काय काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, मी उगाळत नाही. शेजारच्या खैरूनबींचे मालक, कापूस पिंजणारे खादरभाई, त्या दिवसांत मारले गेले. खैरूनबी इथं बसल्यात, त्यांना विचारूनच सांगते. मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारणीनं भाकरी न्यायची, गळ्यात पडून रडायचं, ही आपल्या गल्लीची रीत. तेव्हा कुणीच गेलं नाही. मुसलमानाच्या घरी जाणाऱ्याचं काय होईल, कुणाला माहीत होतं? खैरूनबी दार लावून बसल्या. जेवल्या नाहीत, रडल्या नाहीत.

हे उठले. मी म्हणाले, "कामून उठायलाव? लोक बघायलेत."

"बघू दे."

"काय बोलणार तिथं?"

"बोलायला काय हाय? रडायचं."

खैरूनबींच्या दारासमोर गल्लीतच खाली बसले. डोक्याचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. बायका मयतावर हेल काढून रडतात ना, तसा हेल काढला. शब्द तेच. लोई... लोई रे... ज्यावर जत्रेत आपण पोट धरून हसलो, तेच. त्या दिवशी कुणी हसलं नाही. त्यात देवाचं नाव नव्हतं, अल्लाचं नव्हतं, गेलेल्या माणसाचंही नव्हतं. अडवायचं तर कशावरून? दारं किलकिली झाली. हे थांबले नाहीत.

मग आतून आवाज आला. आधी घोगरा, मग मोठा. खैरूनबी रडत होत्या. त्यांचा आवाज चढला तसा ह्यांनी आपला उतरवत आणला. खैरूनबींचा एकटीचाच आवाज उरला, तेव्हा हे उठून घरी आले आणि पुन्हा देठ खुडायला बसले. तूही जा, असं मला म्हणाले नाहीत.

मंडळी, मी खाली बसले की थोडा वेळ सगळे गप्प राहू या. माझ्या मालकांना माझं शरणु.

एक सांगायचं राहिलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ज्वारीच्या भाकरी थापल्या, तुरीचं वरण केलं, आणि भर उजेडात गल्लीतून चालत खैरूनबींच्या घरी घेऊन गेले.