लाल गाडीला ठेवलेली नावं

मंडळी, एक सांगा. जे मनापासून हवं असतं, त्यालाच आपण नावं का ठेवतो? हसू नका — मी स्वतः कोथिंबीर सुकलेली म्हणते आणि जुडी हातातून सोडत नाही. कीर्तनाला पुढं बसलेल्या मावशी मान हलवतायत, म्हणजे मी एकटी नाही.

तर ऐका. नाशकात श्रीधरपंत टिपणीस नावाचे गृहस्थ. कॉलेजात असताना त्यांनी देवळालीच्या रस्त्यावर एक लाल गाडी पाहिली — दोनच माणसांची, वर टप नाही, जमिनीला बिलगलेली. ती मनात जाऊन बसली. निवृत्त झाल्यावर कळलं, तीच गाडी विकायला आहे. मालकीण कुमुदिनीबाई, यजमान गेले, गाडी गॅरेजात उभी. निघताना पंतांनी बायकोला, सुलभाताईंना, बजावलं, "तिथं कौतुक करायचं नाही. भाव चढतो."

पंत मोठे पारखी. खिशात लोहचुंबक! पत्र्यावर फिरवला. "इथं चिकटत नाही. आत गंज, वर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायचं पुटीन, भरलंय." इंजिन सुरू केलं. "धाप लागते हिला." मग, "रंगही मागून मारलेला." आणि मंडळी, हे बोलताना डावा हात कुठं? गाडीच्या पाठीवर. पोळ्याच्या बैलावरून फिरवावा तसा!

कुमुदिनीबाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हे दर रविवारी हातानं पुसायचे हो तिला. इतकी वाईट असेल तर नका नेऊ." आणि गॅरेजचं दार ओढायला लागल्या.

पंतांनी पुढं होऊन दार धरलं. उभ्या जन्माची हौस दाराआड चालली. "बाई, एकदा बसून तरी बघू?"

बसले. ते बसलेच! गाडी जमिनीलगत, गुडघे साठीपार. एक हात बायकोनं ओढला, एक मालकिणीनं. पंत ढिम्म.

सुलभाताईंनी कमरेवर हात ठेवले. "पुढच्या स्प्रिंगा बसल्यात. धाप लागते. रंग मागून मारलेला," — इथं त्यांनी पंतांच्या काळ्याभोर केसांकडे पाहिलं — "आणि समोरचे दोन दात म्हणजे नुसती लांबी."

कुमुदिनीबाईंच्या तोंडाला पदर. "मग कसं चालवता हो?"

"सवय झालीय. शिवाय मला आवडतात."

परक्या बाईसमोर म्हणाल्या, मंडळी. भाव चढेल याची फिकीर न करता.

पंतांनी स्टीअरिंग धरलं, मान खाली घातली. "बाई, खोटं बोललो मी. कॉलेजात असताना ही गाडी पाहिली. इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं." मग नजर बायकोकडे गेली. "म्हणजे, गाड्यांमध्ये."

"आवरा," सुलभाताई म्हणाल्या.

कुमुदिनीबाईंनी किल्ली त्यांच्या हातात दिली. "व्यवहाराचं नंतर बोलू. बसलाच आहात, तर दोघं एक फेरी मारून या. तिलाही वारा लागू दे."

मंडळी, देवापाशीसुद्धा आपण असेच उभे राहतो. हे कमी दिलंस, ते उशिरा दिलंस. आवडतोस, हे सांगायचं राहूनच जातं. आज घरी गेलात की आपलं माणूस समोर येईल. त्याला सांगा. मीही प्रयत्न करणार आहे. जीभ वळेल की नाही, देवालाच ठाऊक. तूर्त नाम तरी घेऊ या — मोठ्यानं, हातचं न राखता.