खापराची जागा

नंदुरबारच्या स्टँडवर तळोद्याच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर कोरीट गावच्या दोघी जणी बोलत होत्या.

"रंजनाबाई, आखाजीना सन वना. खापरवरल्या पुरनपोळ्या करशी ना?"

"करसू ना, कमलबाई. मन्हा ललितनी खापरकरताच सिंकखालना पाइप सरकाई दिधा."

"पाइपनं नि खापरनं काय नातं, व माय?"

"कपाटमा मधोमध लोंबे ना तो! मन्हं इतलं मोठं मातीनं खापर, बसेच नही. ललितनी मोबाइलवर दखं, नि पाइप मांगे भितले आडवा चिटकाई दिधा. आते इतली जागा शे, म्हैसनं पारडू बी बसी जाई."

"म्हनजे खापर बसनं."

"कपाटमा? ते रिकामंच ठेवनं पडस. पाव्हना येतस ना दखाले! ललित दार उघाडस, आत बॅटरी मारस. पाव्हना म्हनतस, 'अरे, पाइप गया कोठे?' मंग ललितले बरं वाटस. कपाट भरं, तर त्यासले काय दखाडशी?"

"नि सून काही म्हनत नही?"

"मयूरी? ती मांगल्या दारे भांडा घसस."

"घरमा सिंक सोडीसन?"

"पाइप एकदम आडवा शे ना. पानी जातंच नही, उभं ऱ्हास. ललित म्हनस, पानीनं सोडी द्या, जागा दखा."

"मंग खापर कोठे शे?"

"सिंकमा. इतलं बरोबर बसनं, माय, जसं खापरकरताच सिंक बनाडेल शे!"