लाल दोरीचा गठ्ठा

नाही जी, बसत नाही, उभ्यानंच सांगतो — तुम्ही बसा, विद्यापीठानं चौकशीले धाडलेले साहेब तुम्ही, तुमाले खुर्ची पाह्यजे. लिहा. देवाजी, दप्तरी, उमर अठ्ठावन, शिक्षण तिसरी — तीही अर्धीच, मास्तरनं हाकललं. काम कागद कापणं, शिवणं, गठ्ठे बांधणं. अन् हे लिहा का बाबुलाल क्लार्कचं डोस्कं कवडूनं फोडलं. झालं. सही घ्या अन् जा. — कावून म्हणजे? कवडूचं डोस्कं फिरलं म्हणून. माणसाचं फिरलं का तो दुसऱ्याचं फोडते, याच्यात चौकशी काय करायची.

मूळ पाह्यजे? मूळ तुमचंच आहे. ते परिपत्रक तुमच्याच हेडऑफिसातून आलं, ऑफिस पर्यावरणाचं करा म्हणून. पंधरा दिवसांचा पखवाडा. इथल्या अरुणकुमार साहेबानं भिंतीवर लिहून घेतलं, कागज बचाओ, पेड़ बचाओ — लिहिणाऱ्यानं हिरव्या रंगाचा अर्धा डबा सांडला, तो कोणी नाही बचावला. प्लास्टिकचे कप बंद, आपापला ग्लास आणा. दोन टेबलांत एक ट्यूबलाइट. कूलर बंद, खिडकीले वाळ्याची टट्टी लावा, तिच्यावर पाणी मारा — कोणी मारायचं, देवाजीनं. आलेले लिफाफे उलटे करून परत चिकटवा. अशानं जर पर्यावरण होते तर माझी माय कुलगुरू व्हायले पाह्यजे होती, जल्मभर तिनं एक चिंधी नाही फेकली.

मंग निघाली जुन्या उत्तरपत्रिकांची गोष्ट. पोट्टे चार पानं लिहितात, बाकी कोरी सोडतात. साहेब म्हणे, देवाजी, रद्दीतल्या काढ, पानं काप, शिवून पॅड कर — अन् एका बाजूनं लिहिलेलं असन तरी घे, दुसरी बाजू कोरी आहे ना. केले जी. दोनशे पॅड केले. आपला हात असा आहे का गठ्ठा ठेवला, कटरचा दांडा दाबला, बोकडाची मान जाते तसा एका घावात. पण रद्दी कोणती अन् ठेवायची कोणती — वाचून नाही ओळखत मी. दोरीनं ओळखतो. बावीस सालं झाली, लाल दोरी म्हणजे रद्दी, पांढरी दोरी म्हणजे हात लावला तर हात तोडीन. एकाचा खरंच मुरगाळला होता, पुसा कोणालेही. अन् या पखवाड्यात काय केलं साहेबानं? नवी दोरी बंद. सुटलेली वापरा म्हणे, दोरीही बचाओ. बाबुलालनं पुनर्मूल्यांकनाचा गठ्ठा — आमचा पेपर परत तपासा म्हणून ज्यांनी अर्ज केले त्यांचा — बांधला लाल दोरीनं. हातात जी आली ती बांधली. ठेवला माझ्या खोलीत. मी कापला.

सांगतलं होतं का? सांगतलं होतं बाबुलालनं, दारातून — देवाजीभाऊ, याले हात नको लावजा. ऐकलं मी. पण मी कोणाच्या तोंडावर चालत नाही, दोरीवर चालतो. तोंडं बावीस सालांत पन्नास बदलली. — हे नका लिहू.

कवडू इथल्या स्टील प्लांटात क्रेनवर हेल्पर आहे, सेक्टर दोनले माझ्याच मागच्या लाइनीत राह्यते. त्याची पोट्टी रमा, बीएस्सीले, केमिस्ट्रीत तीन मार्कानं नापास झाली, परत तपासाचा अर्ज केला. मंगळवारी तो पुसाले आला, पेपर कुठवर आला. बाबुलालच्या टेबलावर ग्लास, ग्लासाखाली पॅड. कवडूनं ग्लास सरकवला तर पोट्टीचं अक्षर — पान उलटं लावलं होतं म्हणून काय झालं, शाई मागं फुटते. धरली ना त्यानं बाबुलालची कॉलर. दोन झापडा अशा हाणल्या का चष्मा खिडकीबाहेर. टेबल उलटं केलं. जीव घेतो म्हणे तुझा. साऱ्या ऑफिसनं पाह्यलं. मंग दोघा बाबूंनी ओढत वऱ्हांड्यात नेलं अन् सोडून आत गेले, तिथं बसला एकटाच गुडघ्यात तोंड घालून, रडून राह्यला होता, मीच पाणी देल्लं त्याले —

मंग डोस्कं कवा फुटलं? तेव्हाच. झापडीनं. कावून नाही फुटत? माझ्या बापाच्या एका झापडीनं माझा हा कान गेला, पाहा, इकडून बोला, ऐकू येते का मले. हाताचं अन् लोखंडाचं काय घेऊन बसले — हो, लोखंडानं सीधं फाटते, कानापासून भुवईलोक, कागद फाडल्यासारखं, अन् रक्त आधी येतच नाही, पांढरं दिसते, मंग भरून येते —

पेन कावून थांबवला.

लोखंड मी म्हटलं? मंग म्हटलं असन. ती काय टांगली आहे मागं, पट्टी, हातभर. प्लांटाच्या भंगारातली. कागद फाडायची आहे. धुतली मी. पाहू नका तिच्याकडे, माझ्याकडे पाहा.

बाबुलाल आला माझ्या खोलीत. गाल सुजलेला, हातात चष्म्याची एक काडी. ओरडला असता तर बरं होतं. म्हणे, चला देवाजीभाऊ, दोघं मिळून साहेबाले सांगू, त्या पोट्टीचं साल वाचन. मी म्हटलं, दोरी लाल होती. तो म्हणे, मी सांगतलं होतं ना. मी म्हटलं, दोरी लाल होती. तो म्हणे, तुमाले जर वाचता येत असतं — एवढंच, पुढचं नाही बोलू देल्लं मी त्याले. हाणली. खाली बसला तो, हात वर केला. मंग दुसरी. दुसरीची गरज नव्हती. तिसरीचीही नव्हती. आवडून राह्यलं होतं मले, साहेब. लिहा, आवडून राह्यलं होतं. मंग मीच बोंबललो, कवडूनं आत घुसून मारलं म्हणून. कोण नाही म्हणन? सकाळपासून त्याचाच तमाशा पाह्यलेला साऱ्यांनी.

पोलिसांच्या जीपमध्ये टाकताना कवडू मले म्हणे, काका, तुम्ही तर पाणी देल्लं मले, सांगा ना यायले मी वऱ्हांड्यात होतो. मी म्हटलं, मले काही माहीत नाही. आज तिसरा दिवस. बाबुलाल डोळे उघडत नाही. प्लांटानं कवडूले सस्पेंड केलं. सकाळी नळावर रमा भेटते, म्हणते, आबा, बाबाचं काही कळलं का. बादली फेकून मारावी वाटते. नाही, पोट्टीले नाही. नळाले.

आता असं लिहा. बाबुलालले देवाजीनं हाणलं, पट्टीनं, तीनदा. कवडू तवा वऱ्हांड्यात होता. पोट्टीचा पेपर देवाजीनं कापला, तिचा कसूर नाही. लिहिलं? वाचून नका दाखवू मले. आणा इकडे, नाव काढता येते मले, तेवढंच येते. — धरा. आता उठा. साहेबाकडे मंग जाजा, चहा मंग, आधी ठाण्यात जा. अजून बसले कावून? माझा हात पट्टीकडे चालला, अन् हा हात तिथं गेला का काय करते ते आत्ताच लिहिलं ना तुम्ही. जा म्हणतो ना.