डब्यातली मूठभर नाचणी

मंडळी, ट्रॅम बंद असतानाही तुम्ही सगळे आलात. मला बोलायला सांगितलंय आणि मी सकाळपासून चार वेळा खुर्ची बदललीये. माझी नलूमावशी गेली. हे वाक्य उभं राहून म्हणायचं फार जड जातं. म्हटलं एकदाचं.

मावशी इथं मँचेस्टरला पिकांच्या जनुकांवर काम करायची. आफ्रिकेतल्या तरुण शास्त्रज्ञांना फेलोशिपवर बोलवायची, शिकवायची आणि परत घरी पाठवायची. 'परत'वर तिचा जोर. त्यातले बरेच जण तिच्याच घरी राहायचे. मीही राहायचो. मी शास्त्रज्ञ वगैरे नाही. कॉलेज सोडलं, मग साउथहॅम्प्टनच्या बंदरावरची नोकरी सोडली. तिथली जहाजं म्हणजे अख्खी बिल्डिंग तरंगत येते... असो. मावशी आत्ता म्हणाली असती, "मुद्द्यावर ये रे."

तर मुद्दा ही वांजिरू. पहिल्या रांगेत बसलीये, केनियाहून आलीये. मी मावशीकडे राहत होतो तेव्हा तीही फेलो म्हणून तिथंच राहायची. तिनं करपा रोगाला दाद न देणारी नाचणी तयार केली होती. तिचं सगळं काम एका कागदी पिशवीत होतं आणि ती पिशवी बॉयलरच्या उबदार कपाटात सुकत ठेवलेली. वर पेन्सिलीनं आकडे. मला वाटलं, दुकानाचे.

नाचणी दिसल्यावर मराठी माणूस काय करणार? दळली. मिक्सरमध्ये. भाकऱ्या केल्या.

वांजिरूनं दोन खाल्ल्या. म्हणाली, "आईची आठवण आली." मग हात धुऊन ती कपाटाकडे गेली.

तिनं रिकामी पिशवी उचलली. तिथंच जमिनीवर बसली. फेलोशिप संपत आली होती. रिकाम्या हातानं घरी जाऊन काय सांगणार होती ती? मी हातातली भाकरी खाली ठेवली.

मावशीनं आधी ताटातली भाकरी संपवली. मग उठून फडताळातून एक स्टीलचा डबा काढला. आत राख, राखेत पुड्या. घरात कुठलंही बियाणं आलं की त्यातली मूठभर आधी राखेत, ही तिच्या आईची शिस्त. वांजिरूची मूठही होती. तिला विचारून ठेवलेली, पण तीच विसरली होती.

"एक हंगाम जास्त लागेल," मावशी म्हणाली. तिनं फेलोशिपच्या कमिटीला पत्र लिहिलं: चूक माझ्या घरात झाली, मुलीला मुदत वाढवून द्या. मग माझ्याकडे वळली. "आणि तू, भटक्या, पाणी घालशील."

घातलं. अख्खा उन्हाळा, ग्लासहाऊसमध्ये. एका जागी इतका मी कधीच टिकलो नव्हतो. कणसं धरली तेव्हा वांजिरू मला म्हणाली, "आता लांब उभा राहा."

आज तिच्या गावात ती नाचणी शेतात उभी आहे. मावशीनं त्याचे फोटो पाहिले. हॉस्पिटलमध्ये फोन छातीवर ठेवून झोपली होती. मी दुःखी आहे, पण मंडळी, तिचं काही राहून गेलं असं मला वाटत नाही.

वांजिरूनं यंदाची नाचणी आणलीये, रीतसर कागदपत्रांसकट. काल मी ती दळली. हसू नका, तिनंच सांगितलं. बाहेर टेबलावर भाकऱ्या आहेत. मावशी असती तर दारातच एक प्रश्न विचारला असता. त्याचं उत्तर तिला ऐकू जावं म्हणून आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू.

मावशी, आधी मूठ काढून ठेवलीये.