चिखलीची गुरुवारची खोली

आमी मूळ मावळातले, तळेगावच्या पल्याड आमचं गाव. वडील तालमीतले, सुपारीचं खांडही कधी तोंडात टाकलं न्हाई त्यांनी, आणि त्यांच्या पोटी मी निपजलो, बबन. नाव लिहा. तुमी म्हणालात बदलता येतं, पण बदलू नका, नाव लपवूनच एवढं झालं.

चाकणला एका कंपनीत पॉवर प्रेसवर सेटर होतो, साचे बसवणारा, बावीस वर्षं. पत्रा ठेवायचा, वरून ठोका पडतो, झाला भाग तयार. ठोका पडायला दोन हातांनी दोन बटणं दाबावी लागतात, म्हणजे हात आत राहूच शकत न्हाई. पण आमची अक्कल बघा, एका बटणात लाकडाची पाचर ठोकायची, ते दाबलेलंच राहतं, मग एका हातानं बटण आन् दुसऱ्या हातानं पत्रा, काम दुप्पट. सगळेच करायचे. साहेब आला की पाचर खिशात. माझ्या दुसऱ्या खिशात दारूची क्वार्टर असायची. काय सांगू तुम्हाला, सकाळी दोन घोट घेतल्याशिवाय माझा हात थरथरायचा, घेतले की दगडासारखा, आणि लोक म्हणायचे, बबनतात्याचा हात म्हणजे हात.

रफिक माझ्या प्रेसवरचा ऑपरेटर. दारूला कधी शिवला न्हाई. आमी चिडवायचो, अरे, वास तरी घे, वासानं धर्म बुडत न्हाई. तो म्हणायचा, तात्या, रोज तुमच्या शेजारी उभा राहतो, वास फुकट मिळतो.

त्या सकाळी पत्रा अडकला. रफिकनं काढायला हात आत घातला आणि म्हणाला, तात्या, थांबा. पाचर मीच मारलेली होती. मी ऐकलं होतं, नीट ऐकलं होतं, पण ऐकणं आन् हात यांच्या मधी दारू होती. मी बटण दाबलं. तीन बोटं गेली त्याची.

त्याला गाडीत घालून नेलं. साहेबाला वास आला, म्हणाला, कोण प्यालंय. मुलीचं लग्न ठरलं होतं म्हणून खोटं बोललो असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगितलं, आज सांगत न्हाई. भ्यालो होतो, एवढंच. बाटली रफिकच्या हत्यारांच्या पेटीत टाकली आणि कागदावर सही केली, की रफिक पिऊन होता, पाचरही त्याचीच. त्याला काढून टाकलं. मी रिटायर होईपर्यंत त्याच प्रेसवर, आधीपेक्षा जास्त पीत.

बायको गेल्यावर रावेतला मुलाकडं आलो. एकदा नातीला कडेवर घेऊन जिन्यात पडलो. तिला काही झालं न्हाई, पण सून दारात आडवी उभी राहिली, म्हणाली, मामा, आता तिला हात लावायचा न्हाई. मग तिनंच फोनवर शोधलं, दारू सोडणाऱ्यांची मीटिंग कुठं कुठं भरते. तळेगावात होती एक, पण तिथं ओळखीचं कुणी भेटेल म्हणून मी चिखलीची निवडली. शाळेची खोली, गुरुवारी संध्याकाळी.

तीन गुरुवार चिखलीला गेलो आणि शाळा सापडली न्हाई म्हणून परत आलो. म्हणजे विचारलंच न्हाई कुणाला. काय विचारणार, दारुड्यांची शाळा कुठाय? चौथ्या गुरुवारी मात्र दोन दिवस प्यालो नव्हतो, अंग कापत होतं, पाय उचलेना. दुचाकी दुरुस्तीचं दुकान दिसलं. चाक खोलत बसलेल्या माणसाला विचारलं, गुरुवारची मीटिंग भरते ती शाळा कुठाय. त्यानं मान वर न करता हातानंच वाट दाखवली. त्या हाताला अंगठा होता आन् करंगळी होती.

मग त्यानं वर बघितलं. बसा तात्या, म्हणाला, पाणी प्या. मी म्हटलं, रफिक, तुला कसं ठाऊक तिथं काय भरतं ते? म्हणाला, मला न्हाई तर कुणाला? तुमच्या कागदानंतर सासरे म्हणाले, मीटिंगला बस, न्हाई तर शमीमला माहेरी नेतो. तीन महिने बसलो. दर गुरुवारी उठून सांगायचो, भावांनो, मी कधी चाखली न्हाई. सगळे मायेनं म्हणायचे, सुरुवातीला आमीही असंच म्हणायचो. शेवटी एक दिवस म्हणालो, व्हय, मी दारुडा. टाळ्या वाजवल्या त्यांनी. घरी जाऊन जेवलो न्हाई.

त्यानंच मला स्कूटरवर बसवून दारापर्यंत नेलं. आत आला न्हाई.

पाच महिने झाले त्याला. एका गुरुवारी मी खोलीत सगळं बोललो. लोकांनी पाठीवर हात ठेवला, चहा दिला. तिथला नियम हाय, इथलं बोलणं बाहेर जात न्हाई. मला इतकं हलकं वाटलं की त्याचीच लाज वाटली, कारण बाहेर दुकानात रफिक अजून दारुडाच होता. त्याला जाऊन सांगितलं, मी कबूल केलं रे. तो म्हणाला, खोलीतल्यांनी कुठं माझं नाव घालवलंय, तात्या? सासऱ्यांना सांगा. थकलेत ते.

मी म्हटलं, येतो पुढच्या आठवड्यात. चार आठवडे तेच म्हणालो. सासरे वारले. जनाज्याला शमीमच्या भावांनी रफिकला खांदा देऊ दिला न्हाई, म्हणाले, पिणाऱ्याचा हात नको.

ते ऐकून मी सरळ दारूच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिलो. किती वेळ, ते सांगता येत न्हाई. प्यालो न्हाई, पण त्यात मोठेपणा नव्हता, प्यालो असतो तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, येतो पुढच्या आठवड्यात, असंच म्हणालो असतो. तुमी लोकांचं लिहून घेता हे सुनेनं सांगितलं होतं, म्हणून आलो. त्या म्हाताऱ्याला आता कोण सांगणार? ते फिटायचं न्हाई. पण शमीम हाय, तिचे भाऊ हायत. लिहून झालं की आधी मला मोठ्यानं वाचून दाखवा, मग उद्याच त्यांच्यापुढं वाचू. उद्याच, पुढच्या आठवड्यात न्हाई.

कंपनीतल्या त्या कागदावर सही केली तेव्हा पोटात दोन घोट होते, अक्षर कसं सुरेख आलं होतं. आता बघा हा हात. कापू द्या. सही वेडीवाकडी आली तरी चालंल, फक्त तुमी कागद जरा घट्ट धरा.