आधी फोन, मग वायर

हां, तर गाडीच्या ट्यूनिंगचे असे तीन प्रकार, कुठला करायचा ते तुम्ही ठरवा, पण लॅपटॉप नंतर काका, आधी हा फोन — हा, बाकावरचा, वेटोळ्या वायरचा. हसू नका. काका म्हटलं तर चालेल ना? चालेल. बसा की, त्या टायरवर नको, पँट काळी होईल, ते स्टूल ओढा. मास्तर मागे ताकद मोजायच्या रोलरवर एक गाडी चढवतायत, येतील — मास्तर म्हणजे आमचे मालक, आयुष्यात मला सोडून कोणाला काही शिकवलं नाही त्यांनी, पण सगळे मास्तरच म्हणतात — तोवर मी आहे. आणि खरं सांगू, आज मी कोणाशीही बोलले असते. सकाळी पोस्टमनशी वीस मिनिटं टर्बोवर बोललेय. त्याच्याकडे सायकल आहे. पण ऐकत होता बिचारा.

पुन्हा सांगू? सांगते, सोपंय. एक, मायलेजचा मॅप — डिझेल कमी पिते, बाकी जशीच्या तशी, शांत माणसांसाठी, तुम्ही नाही, तुम्ही फाटकात ब्रेक मारलात तो मी आतून ऐकला. दोन, ती डबी, इंजिन आणि त्याच्या कॉम्प्युटरच्या मध्ये जोडायची, हवी तेव्हा काढायची — लोकांना वाटतं काढून ड्रॉवरमध्ये टाकली की झालं, कोणाला काय कळतंय. आणि तीन, रीमॅप. म्हणजे गाडीच्या मेंदूतली फाईलच, तोच मॅप, बदलायची. स्टिअरिंगच्या खाली सॉकेट असतं, तिथे वायर लावायची, मूळ फाईल काढून जपून ठेवायची आणि मग डिझेल किती, हवा किती, कधी किती — सगळं नव्याने लिहायचं. इंजिन तेच हो, एक नट हलत नाही. कंपनीने काय केलेलं असतं, धडधाकट पोराला दोन नंबर लहान बूट घालून पळवलेलं असतं, आपण नाड्या सैल करतो, बस. आणि धूर गाळायचा फिल्टर काढून द्या म्हणाल तर दार तिकडे आहे — हे मास्तरांचं वाक्य, माझं नाही.

आता फोन. तुमच्या इन्शुरन्सवाल्यांना, नंबर पॉलिसीवर असेल. सांगायचं, ताकद वाढवतोय, एवढ्याची एवढी, लिहून घ्या. कधी ते हप्ता वाढवतात, कधी नुसतं लिहून घेतात, कधी सरळ नाही म्हणतात. नाही म्हणाले तर दुसरी कंपनी बघा, नाहीतर आणलीत तशी गाडी घेऊन जा, आम्ही वायर लावत नाही. हो म्हणाले तर या वहीत लिहायचं — गाडीचा नंबर, समोर कोण बोललं त्याचं नाव, वेळ. आधी फोन, मग वायर. ‘कोणाला कळणारेय?’ — बघा, विचारलंत, सगळेच विचारतात. एक दातांचे डॉक्टर होते. सुरेख झालेली त्यांची गाडी, स्वतः पेढे घेऊन आलेले — नाही, ते राहू दे, मुद्दा काय, गाडी घरासमोर उभी. बंद. चावी डॉक्टरांच्या खिशात. आणि शेजारच्या बांधकामाची भिंत पडली तिच्यावर. बंद गाडीवर, काका. आता भिंतीला काय माहीत आत कुठली फाईल आहे? पण कंपनीचा माणूस आला, त्याने वायर लावली, म्हणाला फाईल मूळची नाही, म्हणाला कळवलं नव्हतंत, क्लेम नामंजूर. अजून भांडतायत. डॉक्टर इथे आले, या दारात उभे राहिले, ओरडले नाहीत — ओरडले असते तर बरं झालं असतं, मास्तर म्हणतात — एवढंच म्हणाले, ‘मला सांगायचं होतंत.’ दुसऱ्या दिवशी बाकावर हा फोन आला. आणि वही.

शोधा, शोधा, पॉलिसी मोबाईलमध्येच असेल, घाई नाही. तोवर मी इतकी खूश का आहे ते सांगते — विचारलं नाहीत तुम्ही, तरी सांगते. पहिला मॅप, काका. माझा. अख्खा मी लिहिलेला. दोन वर्षं मी नुसत्या वायरी गुंडाळल्यात, गुंडाळलेल्या सोडवल्यात, परत गुंडाळल्यात. मास्तरांचं म्हणणं, पहिला मॅप गिऱ्हाइकाच्या गाडीवर करायचा नाही, ओळखीतल्या गाडीवर करायचा. तर होती एक ओळखीतली. एक गृहस्थ आहेत. रविवारी दुपारी जेवून झोपले, मी गाडी इथे आणली, मास्तरांनी विचारलं वहीत लिहिलंस का, म्हटलं हो, वायर लावली, फाईल चढवली, रोलरवर घेतली — एकशे पंधरा हॉर्सपॉवरची एकशे पंचेचाळीस. धूर नाही, धक्का नाही. मास्तर आकडा बघून ‘हं’ म्हणाले. तुम्हाला नाही कळायचं, मास्तरांचं ‘हं’ म्हणजे दुसऱ्याची मिरवणूक. मी या फरशीवर नाचले, इथे, तुमचं स्टूल आहे तिथे.

आणि मजा म्हणजे त्या गृहस्थांना पत्ता नाही. त्यांनी त्याच दिवशी सकाळी टायरमध्ये हवा भरली होती, पायपंपाने, घाम गाळून, चारही. तर त्यांना वाटतंय ही हवेची कमाल. शेजारच्या वकिलांना फाटकात अडवून सांगतात, हवा, वकीलसाहेब, लोक हवेकडे लक्षच देत नाहीत. काल वकीलही पंप मारत होते. आणि आई म्हणते, वय वाढलं तसं यांचं ड्रायव्हिंग — हो. आई. बरं, माझी आई. माझे बाबा. आमची गाडी, झालं? मास्तरांना नका सांगू — म्हणजे गाडी आमची हे माहितीये त्यांना, बाबांना माहीत नाही हे माहीत नाही. बावीस वर्षांत एक क्लेम नाही बाबांचा. पॉलिसी प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कपाटात, कपाटाला कुलूप. क्लेम नाही म्हणून सूट मिळाल्याचं पत्र येतं ना दरवर्षी, ते जेवताना मोठ्याने वाचतात, दोनदा, मला आणि मग आईला.

आज तर खरी परीक्षा. बारा वाजता निघतायत दोघं, आत्याकडे, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आणि वाटेत घाट. ट्रकच्या मागे रखडायचं नाही आता — खालून, म्हणजे कमी वेगातच, जोर दिलाय मी, पण एकदम नाही, हळूहळू चढत जाणारा, आईला वळणावर मळमळतं म्हणून. चार रात्री बसले होते आलेखातल्या त्या एका रेघेवर. लोक वेगासाठी लिहितात, मी आईच्या पोटासाठी लिहिलाय.

काय बघताय वहीत? हो, माझंच अक्षर. रविवार, साडेतीन. रविवारी लागतो की फोन, चोवीस तास असतं हल्ली. — ते नाव? ते... आमच्या शाळेतल्या बाईंचं आहे. सुचलं ते लिहिलं. अहो, फोन पॉलिसी ज्याच्या नावावर त्यालाच करायला लागतो, म्हणजे बाबांना सांगा, कपाट उघडायला लावा, ते म्हणणार नको, आणि रोलर त्या दिवशी रिकामा होता, मास्तर ‘बघू तुझं’ म्हणाले होते, दोन वर्षांत पहिल्यांदा. सांगणारच होते मी. आकडा आला की सांगू, मग म्हटलं घाट चढून आले की सांगू, कसली चढली म्हणतील तेव्हा सांगू.

काही होत नाही हो. बाबा उभ्या गाडीचासुद्धा हँडब्रेक दोनदा ओढतात. कोणाला धडकणार नाहीत ते. आणि घाटात भिंती कुठल्या पडायला, फार तर दरडी —

किती वाजले?

नको, तो फोन माझ्याकडे नका सरकवू, तो गिऱ्हाइकांसाठी आहे. मास्तर वही बघतील. बघू देत, मीच दाखवते, पुन्हा दोन वर्षं वायरी गुंडाळेन. — द्या. काका, तुम्ही जरा बाहेर थांबता? तुमची पॉलिसी बाहेर शोधा. दार ओढून घ्या.

हॅलो, बाबा? निघालात? — फाटकातच ना? बंद करा गाडी. नाही, मला काही झालं नाही. आईला बसू दे. बाबा, ऐका ना, कपाटातली ती पिशवी घ्या आधी, मग सांगते. — बाबा, ती हवा नव्हती.