दोन मिलिमीटर अलीकडे

चूक म्हाताऱ्याची, काका. आमच्या बाबांची! माझी नव्हे, लिहून घ्या. बसा की, त्या टायरवर बसा, रिकामाच आहे — नाही, आधी वाका, खाली बघा. इंजिनाखाली पांढरा कागद अंथरलाय मी. आहे एक तरी थेंब? दीड तास इंजिन चालू ठेवलं होतं आणि कागद कोरा — माझ्या परीक्षेच्या पेपरासारखा कोरा! हसा की. कॉलेज सोडलं तेव्हा अख्खं घर रडलं होतं, आज कुणीतरी हसा.

चार महिन्यांत चौथ्यांदा आणलीत ही गाडी. पुढून तेल गळतंय, पुढून तेल गळतंय! क्रँकशाफ्टचं पुढचं सील — म्हणजे काय, शाफ्ट इंजिनाबाहेर डोकावतो तिथलं रबराचं कडं, तेल आतच राहावं म्हणून — ते तिन्ही वेळा बदललं कुणी? बाबांनी. आणि तिन्ही वेळा गळल्यावर शिव्या कुणाला? मला! 'पोरानं पुली वाकडी बसवली' — पुली, म्हणजे शाफ्टच्या टोकावरचं पट्ट्याचं चाक, ते बसवायचं काम माझं. तुमच्यासमोर म्हणाले, आणि तुम्ही मान डोलावलीत — डोलावलीत, मी पाहिलंय! पांढरे केस दिसले की तुम्हा लोकांची मान आपोआप हलते.

आज सकाळी बाबा दाढ काढायला गेले. म्हटलं, हीच वेळ. पट्टा काढला, पुली ओढली, सील उचकटलं, पुलीच्या मानेवर — हीच मान सीलमधून आत जाते, रबर हिच्यावरच टेकतं — नख फिरवलं — आणि खट्! अडकलं. चर! चाळीस वर्षं रबर एकाच जागी घासून लोखंडात चर पडलाय. आता बाबांची पद्धत ऐका — सील ठोकायचं, आवाज बदलेपर्यंत ठोकायचं, तळाला टेकेपर्यंत. जन्मभर हेच. म्हणजे नव्या सीलची कड पुन्हा त्याच चरात! तीन वेळा! पायताण नवं, खड्डा तोच! मी काय केलं? दोन मिलिमीटर अलीकडे थांबलो. पाइपाचा तुकडा ठेवून, हळूहळू, चारी बाजूंनी मोजत — की रबर येणार थेट कोऱ्या लोखंडावर. एवढंच! दोन मिलिमीटर! नाचलो मी, काका, खरंच नाचलो, शेजारचा रंगारी दारात येऊन बघत होता, त्यालाही ओढून नाचवलं.

पुली अजून हातातच होती आणि बाबा आले. गाल हा एवढा फुगलेला, तोंडात कापूस — शिवीच देता येईना! अशी संधी परत कधी मिळायची? दिली पुली हातात. म्हटलं, फिरवा नख, तुम्हीच शिकवलंत ना, डोळा फसतो, नख फसत नाही. त्यांनी फिरवलं. मान हलवली — काही नाही. परत फिरवा. नाही. आमच्याकडच्या थोरल्या मिस्त्रींकडे दिली — 'आहे की चर.' रंगाऱ्याकडे दिली — 'हा काय!' परत बाबांकडे. ते फिरवतायत, डोळे मिटून फिरवतायत, फिरवतायत — आणि मला हसू आवरेना, मी सगळ्यांसमोर ओरडलो, अहो, बोटं मेलीत तुमची!

मेलीतच. साखर आहे त्यांना, बोटं बधिर होतात तिनं. वर्षभर बारके नट मलाच लावायला देतात, 'तुझा हात बसू दे' म्हणून — मी म्हणायचो, आळसावला म्हातारा. म्हणजे तिन्ही वेळा त्यांनी नख फिरवलंच असणार, काका, न फिरवता ते सील ठोकणार नाहीत — आणि त्यांना लागलंच नसणार. मग — नाही, नाही, चूक त्यांचीच! घरात सांगायचं ना मग. पोरगा काय परका आहे? पोरावर ढकलायचं, ते सोपं!

असं बघू नका माझ्याकडे. आत कशाला डोकावताय, ते घरी गेलेत. पुली नंतर मीच बसवली, एकट्यानं, आणि दीड तास त्या कागदाकडे बघत बसलो. किल्ली गाडीतच आहे. निघा आता. पुढे काही गळलंच तर थोरल्या मिस्त्रींना गाठा, मला विचारत येऊ नका. जाताना बाबांनी तोंडातला कापूस काढला आणि उद्यापासून गॅरेजात येऊ नकोस म्हणून मला सांगितलं.